दुखायची थांबलेली दाढ

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, "दाढ दुखायची थांबली, आता कशाला जायचं डॉक्टरकडे?" आणि बाबा, तुम्ही मागून म्हणालात, "मी तर सगळेच काढून कवळी बसवून घेतो, एकदाची कटकट मिटेल." तेव्हा मी काही बोलले नाही, पण रात्री झोप लागली नाही. फोनवर हा विषय काढला की तुम्ही दोघंही दुसरंच काहीतरी बोलायला लागता, म्हणून लिहितेय.

आई, आधी तुझ्या दाढेचं. तीन आठवडे ठणका होता. गरम घोट घेतला की कळ यायची, उशीवर डोकं टेकलं की वाढायची. मग एके दिवशी सगळं गप्प झालं. तुला हायसं वाटलं, मला नेमकी त्याचीच धास्ती वाटते. दाताच्या आत नस असते. कीड तिथवर पोचली की नस सुजते, पण भोवती कठीण भिंती असल्यामुळे त्या सुजेला पसरायला जागाच नसते, म्हणून इतका ठणका लागतो. तो असा अचानक थांबतो तेव्हा बहुतेक वेळा ती नस मेलेली असते. जंतू मात्र मेलेले नसतात. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तिथे पू धरतो. हिरडीवर बारीकशी पुळी आली नि फुटली, असं तू सहज बोलून गेलीस ना, ती त्या पुवानं काढलेली वाट असू शकते. नक्की काय आहे ते एक्स-रेवरच कळेल. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या मात्र पुन्हा घेऊ नकोस. मेलेल्या नसेत रक्तच पोचत नाही, मग रक्तातून जाणारं औषध तिथे कसं पोचणार?

दाढ वाचण्यासारखी असेल तर रूट कॅनाल करतात. दाढ बधिर करतात, वरून छोटं भोक पाडून आतला सडका भाग केसासारख्या बारीक हत्यारांनी काढतात, औषधानं धुतात आणि पोकळी गट्टापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थानं भरून बंद करतात. खालच्या दाढेत बहुधा तीन नळ्या असतात, त्यामुळे वेळ लागतो. कधी एका बैठकीत होतं, कधी दोन-तीन लागतात. वर कॅप मात्र बसवूनच घ्यायची. "ती नंतर बघू" असं म्हणून ठेवलेल्या पोखरलेल्या दाढा चावताना उभ्या चिरतात, आणि मग सगळी मेहनत वाया जाते.

"त्यापेक्षा काढूनच टाकू" म्हणशील. तुला तर मी ते मुळीच करू देणार नाही, निदान डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून तू दर आठवड्याला जी गोळी घेतेस, तशा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये दात काढल्यावर जबड्याचं हाड नीट न भरण्याचा धोका असतो. तसं क्वचितच होतं, पण झालं तर फार त्रास देतं. त्या गोळीबद्दल डॉक्टरांना आधी सांगायचंच.

लहानपणी दाढ काढताना तू किंचाळली होतीस, ती भीती अजून तुझ्या मनात आहे, मला माहीत आहे. पण तेव्हा गाल सुजून टम्म झाल्यावर तुला नेलं होतं. पू झालेल्या, सुजलेल्या जागी भूल नीट चढत नाही. म्हणून तर म्हणते, आत्ता सूज नाही तेव्हाच जाऊ या.

आता बाबा. मागच्या वेळी मी सोबत होते, तेव्हा डॉक्टरांनी खालचे दोनच दात हलताना दाखवले होते. बाकीच्यांना कीटण साचलंय, हिरड्यांतून रक्त येतं, एवढंच. त्यावर स्केलिंग, म्हणजे ते कीटण खरवडून काढणं, आणि हिरड्यांच्या आतली सफाई हा उपाय आहे. "स्केलिंगनं दात ढिले होतात" हे तुमचं म्हणणं खरं नाही. कीटण निघाल्यावर ती भरलेली जागा मोकळी वाटते, तेवढंच. तुमच्या साखरेचाही इथे संबंध आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहत नाही.

कवळीनं कटकट मिटत नाही हो. दात गेले की जबड्याचं हाड झिजत राहतं, खालची कवळी तर हलायलाच लागते आणि पुन्हा पुन्हा नीट करून घ्यावी लागते. रोज रात्री काढून पाण्यात ठेवायची, गरम पाणी वापरायचं नाही, ते वेगळंच. ते दोन दात खरंच गेले तर तेवढ्या जागी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेले दात, किंवा इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेला दात, लावता येईल. स्वीडनच्या ब्रोनेमार्क या संशोधकांना १९५२ साली सशाच्या हाडावर प्रयोग करताना दिसलं की टायटॅनियम हाडाला घट्ट धरून बसतं, त्यातूनच पुढे इम्प्लांट आलं. हाडानं स्क्रू धरायला काही महिने जातात, आणि साखर ताब्यात हवी. तेव्हा त्याचं मागाहून पाहू, आधी हिरड्या.

शुक्रवारी रात्री मी पोचते. शनिवारी सकाळी अकराची वेळ दोघांसाठी घेतली आहे. घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून ठेवा. बाबा, रक्त पातळ करणारी गोळी "दात काढायचाय" म्हणून आपल्या मनानं बंद करू नका, त्याचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील. सकाळचा नाश्ता आणि साखरेची गोळीही चुकवू नका. आई, तोवर तोंड कोरडं पडलं की घोट घोट पाणी पीत राहा, आणि पुळी पुन्हा आली तर फोडू नकोस. गाल सुजला, ताप आला किंवा गिळायला त्रास व्हायला लागला तर शनिवारची वाट बघायची नाही. लगेच डॉक्टरकडे जायचं आणि मला फोन करायचा, रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

तुमची,
सुमी