हवेच्या आकड्याशेजारी वाराही छापा

संपादक महोदय,
स. न.

हिवाळा सुरू झाला की आपल्या दैनिकात शहराच्या पानावर रोज एक चौकट येते. काल मुंबईच्या हवेचा निर्देशांक इतका होता, शेजारी रंगीत ठिपका, खाली ‘मध्यम’ नाहीतर ‘वाईट’. मी ती न चुकता वाचते. पण आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवल्यामुळे असेल, दर वेळी एकच प्रश्न पडतो. वारा कुठून होता? तो कुठेच छापलेला नसतो.

वारा कोणी मोजत नाही, असं नाही. हवा मोजणाऱ्या बहुतेक स्वयंचलित केंद्रांवर धूलिकणांबरोबर वाऱ्याची दिशा आणि वेगही नोंदला जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून या नोंदी कोणालाही फुकट उतरवून घेता येतात, दर पंधरा मिनिटांच्या हव्या असतील तर तशाही. गेल्या डिसेंबरच्या आमच्या चेंबूरजवळच्या एका केंद्राच्या नोंदी मी उतरवल्या आणि घरीच त्यांची चित्रं काढली. त्या उद्योगात जे कळलं ते सांगण्यासाठी हे पत्र.

सुरुवातीलाच फजिती झाली. एक्सेलमध्ये दर तासाच्या दिशेची सरासरी काढली तर वारा भलत्याच वेळी दक्षिणेचा दिसू लागला. रात्री दोन वाजता दक्षिणेचा वारा डिसेंबरात कुठून आला, म्हणून मूळ नोंदी पाहिल्या. एक होती 350 अंश, दुसरी 10 अंश. दोन्ही उत्तरेच्याच. पण साधी सरासरी काढली की उत्तर येतं 180, म्हणजे थेट दक्षिण! कंपासवर 360 आणि 0 एकच असतात, हे मुलांना वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगणारी मी, आणि स्वतःच त्यात अडकले. मग भाच्याने लॅपटॉपवर ‘आर’ ही आकडेमोडीची संगणकप्रणाली टाकून दिली आणि त्यात ‘ओपनएअर’ नावाचा संच. हवेच्या नोंदी समजून घेण्यासाठी इंग्लंडमधल्या डेव्हिड कार्सलॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला आहे, आणि तोही फुकट आहे. दिशांची सरासरी कशी काढायची हे त्याला ठाऊक आहे.

त्यातलं एक चित्र ‘विंड रोज’चं, म्हणजे वाऱ्याच्या गुलाबाचं. नववीच्या मुलांकडून मी हे आलेख कागदावर काढून घ्यायची. ज्या दिशेकडून वारा जास्त वेळ आला, त्या दिशेची पाकळी लांब. दुसरं चित्र मात्र मला नवीन होतं. त्यात कोन म्हणजे वाऱ्याची दिशा, मध्यापासूनचं अंतर म्हणजे वाऱ्याचा वेग आणि रंग म्हणजे त्या वेळचं पीएम 2.5, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म धूलिकण. हवा वाईट असते तेव्हा वारा कसा असतो, हे त्यात एका नजरेत दिसतं.

माझ्या चित्रात पश्चिम आणि वायव्येची बाजू निळसर निघाली. ते दुपारचे, समुद्रावरून येणारे खारे वारे. लाल रंग दोन ठिकाणी होता. थोडासा ईशान्येला, मंद वाऱ्याच्या पट्ट्यात. हे रात्रीचे आणि पहाटेचे, जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे. बाकी सगळा लाल ठिपका अगदी मधोमध, म्हणजे वारा पडलेला असतानाचा.

ईशान्येचा लाल पाहून मी लगेच देवनारच्या कचऱ्याच्या क्षेपणभूमीकडे बोट दाखवलं. जानेवारी 2016 मध्ये ती पेटली होती आणि धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला होता, ते इथला कोणी विसरलेला नाही. भाच्याने शांतपणे विचारलं, ‘मावशी, त्याच रेषेत घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता नाही का? आणि खाडीपलीकडे नवी मुंबई?’ खरंच आहे. एका केंद्राच्या चित्रातून फक्त दिशा कळते, अंतर नाही. दोन-तीन केंद्रांची चित्रं नकाशावर ठेवली आणि त्यांच्या रेषा एकाच जागी भेटल्या, तर काही बोलता येतं. शिवाय वारा मोजायचं यंत्र खुल्या जागी, जमिनीपासून दहा मीटर उंच असावं लागतं. दोन इमारतींच्या बेचक्यात ते बसवलं तर ते शहराचा नाही, त्या बोळाचा वारा सांगतं.

मधोमधचा लाल ठिपका मला जास्त बोचला. वारा नसताना साचलेली धूळ बव्हंशी आसपासचीच. आमचे रस्ते, आमची बांधकामं, आमच्या रखवालदारांच्या शेकोट्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका इमारतीचं काम चाललं आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली, त्यातले उंच पत्रे तिथे लागले आहेत आणि पत्र्यावर धुळीचा आकडा दाखवणारा लाल फलकही आहे. पहाटे सहाला दूध आणायला जाते तेव्हा तो आकडा चढलेला असतो, दुपारी दोनला उतरलेला. दुपारी तिथे काम थांबलेलं असतं म्हणून नव्हे. डंपर तेव्हाही चालूच असतात. पण समुद्रावरून वारा सुटतो आणि धूळ पूर्वेकडे, खाडीकडे निघून जाते. हिवाळ्यात हे खारे वारे उशिरा सुटतात, पहाटे जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो, म्हणून सकाळ वाईट. आपली चौकट मात्र चोवीस तासांची सरासरी देते. त्यात पहाट आणि दुपार एकमेकींत मिसळून जातात आणि दम्याच्या माणसाने फिरायला कधी जावं याचं उत्तर काही मिळत नाही.

आता मोबाइलवरच्या नकाशांविषयी. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज कोणीतरी ‘विंडी’चं चित्र टाकतं. वाऱ्याच्या रेषा झुळझुळ वाहताहेत आणि खाली धुळीचे रंग. दिसतं फार सुंदर. पण तो वारा मोजलेला नसतो, गणिती मॉडेलने काढलेला असतो. मॉडेल नकाशाचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला एकच आकडा देतं. त्यातल्या चांगल्या मॉडेलचा एक चौकोन साधारण 9 किलोमीटरचा, म्हणजे चेंबूर, माहुल, देवनार, गोवंडी सगळं एकात. धुळीचे रंग ज्या युरोपीय मॉडेलवरून येतात त्याचा चौकोन तर जवळपास 40 किलोमीटरचा. कुलाब्यापासून दहिसरपर्यंतची मुंबई त्यात एक-दोन घरांत मावते. त्यावरून शेजारच्या प्लॉटवाल्याशी भांडू नये, एवढं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तरादाखल दोन अंगठे आले.

रंगांचा घोळ वेगळाच. पीएम 2.5 घनमीटरला 75 मायक्रोग्रॅम असेल तर आपल्याकडे ती हवा ‘मध्यम’ ठरते आणि पिवळी दिसते. तोच 75 अमेरिकी पद्धतीने मोजणाऱ्या ॲपमध्ये लाल होतो. मग एक म्हणतो सरकार लपवतंय, दुसरा म्हणतो ॲप घाबरवतंय. दोघांची धूळ तीच.

वारा आणि धूळ एकत्र पाहणं आपल्याला परकं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने हवेचा दर्जा मोजून अंदाज सांगणारी ‘सफर’ ही यंत्रणा 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी उभी केली आणि 2015 मध्ये ती मुंबईतही आली. काडीकचरा जाळल्याचा धूर दिल्लीत किती पोहोचेल हे वायव्येच्या वाऱ्यावर ठरतं, हे आता तिथे रिक्षावालाही सांगतो. समुद्राकाठी राहून आपण मात्र वारा बातमीबाहेर ठेवतो.

माझी मागणी छोटी आहे. त्या चौकटीत सकाळी आठ आणि दुपारी तीन असे दोन आकडे द्या आणि प्रत्येकाशेजारी वाऱ्याचा एक बाण. बाणाचं टोक वारा जिकडे चालला आहे तिकडे असू द्या, नाहीतर ‘पश्चिमेचा वारा’ म्हणजे पश्चिमेकडे जाणारा असं निम्मे वाचक समजतील. माझी मुलं समजायचीच. वारा पडलेला असेल तर बाणाऐवजी पोकळ गोल. शहराची एकच सरासरी देण्याऐवजी पूर्वेचं एक आणि पश्चिमेचं एक केंद्र घेतलंत तर फारच उत्तम. जागा दोन इंचांहून जास्त लागणार नाही.

डिसेंबरची तीन चित्रं सोबत जोडली आहेत. पहिल्यात दक्षिणेची पाकळी लांब दिसते, ती एक्सेलमधली माझी चूक. छापायचंच झालं तर दुसरं किंवा तिसरं घ्यावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चेंबूर