भरल्या गलबताचे गीत उलगडून सांगणाऱ्या काकूंना अनावृत पत्र

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

नाताळाआधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळात कोलोनमधील आमच्या गायकवृंदाने ‘एस कोम्ट आइन शिफ गेलाडेन’ (‘येते एक भरलेले जहाज’) हे जुने जर्मन भक्तिगीत म्हटले. मला ते अर्थ समजून म्हणता आले ते केवळ तुमच्यामुळे, आणि हे सर्वांसमक्ष सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

‘गेलाडेन’ म्हणजे लादलेले, एवढे मला शब्दकोशाने सांगितले होते. जहाज अगदी वरच्या फळीपर्यंत भरले आहे, या ओळीपाशी मात्र तुम्ही थांबलात आणि ओट्यावरच्या पातेल्यातील पाण्यात एक वाटी सोडलीत. रिकामी वाटी हिंदकळत राहिली. मूठभर तांदूळ घातल्यावर ती खोल बसली आणि स्थिर झाली. भरलेले गलबत उसळत नाही, हे मालवणला वडिलांकडून ऐकलेले वाक्य तुम्ही तेव्हा सांगितलेत. पुढच्या कडव्यात ते जहाज शांतपणे का येते आणि अनेकांना त्यात येशूची गरोदर आई मारिया का दिसते, हे मला त्या क्षणी कळले. प्रेम हे शीड, पवित्र आत्मा ही डोलकाठी, आणि नांगर जमिनीला लागतो तेव्हा देवाचा शब्द देह धारण करतो: ही रूपके समजायला किनाऱ्यावर वाढलेलेच माणूस हवे होते, असे मला मनापासून वाटते.

चालीतही मी अडखळत होते. १६०८ साली कोलोनमध्ये छापलेल्या गीतसंग्रहातील ही चाल तीन-तीन मात्रांत डुलत सुरू होते आणि मध्येच दोन-दोनच्या ठाम पावलांवर येते. “आधी दादरा, मग केरवा,” असे म्हणत तुम्ही टेबलावर ठेका धरलात, तेव्हा माझी भीती गेली.

कार्यक्रमपत्रिकेत मी हे गीत स्ट्रासबुर्गच्या योहानेस टाउलर या चौदाव्या शतकातील धर्मोपदेशकाच्या नावावर निःशंकपणे टाकले होते. तो परंपरेने दिलेला मान आहे, आज गायले जाणारे शब्द दानिएल झूडरमान यांनी १६२६ साली छापले, अशी दुरुस्ती तुम्ही करून दिलीत.

बाळाला आनंदाने कवेत घेऊ पाहणाऱ्याने आधी त्याच्यासह दुःख सोसावे, हे कठीण कडवे आम्ही गाळणार होतो. ते गाळू नका, असा आग्रह तुम्ही धरलात. आम्ही ते म्हटले, तेव्हा मागच्या बाकावरून तुमचाही आवाज मला ऐकू येत होता. त्या आवाजासाठी मी तुमची फार ऋणी आहे.

आपली नम्र,
गायकवृंदातील तुमची विद्यार्थिनी