कॉव्हेंट्री हा ‘फुटबॉलचा ब्रॅडमन’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या क्रीडा पुरवणीतला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवरचा लेख आवडला. उन्हाळ्यात क्रिकेट खेळणारे हे मैदान हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे असते, हे सांगायला लेखकाने परिच्छेदभर जागा दिली. मराठी वर्तमानपत्रात एवढेही सहसा मिळत नाही. मात्र त्याच परिच्छेदात गॉर्डन कॉव्हेंट्रीला ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा ब्रॅडमन’ असे एका ओळीत उरकले आहे, ते पटले नाही. मी मेलबर्नच्या उत्तर उपनगरात राहतो आणि माझे निम्मे शेजारी कॉलिंगवुड या इथल्या फुटबॉल क्लबच्या बाजूने घसा बसेपर्यंत ओरडणारे आहेत, तेव्हा या विषयावर गप्प बसणे अवघड.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने चेंडू गेला की गोल, म्हणजे सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर एकच गुण. कोणीही लांबून लाथेने मारलेला चेंडू हवेतच स्वच्छ झेलला की तो ‘मार्क’, आणि मग निवांत नेम धरून लाथ मारता येते. गोलखांबांसमोर उभा राहून हेच काम करणारा तो फुल-फॉरवर्ड. कॉव्हेंट्रीने १९२० ते १९३७ कॉलिंगवुडसाठी हे काम केले. ३०६ सामने, १२९९ गोल.

आता ब्रॅडमनची गोष्ट. ब्रॅडमन म्हटले की सरासरी आली, आणि ती अशी की दुसरा कोणी जवळपासही नाही. कॉव्हेंट्रीची सरासरी सामन्याला सव्वाचार गोलांची. जॉन कोलमन या फुल-फॉरवर्डने पुढे केवळ ९८ सामन्यांत ५३७ गोल केले, म्हणजे साडेपाचच्या आसपास. पीटर हडसनची त्याहूनही जास्त. उपमा द्यायचीच तर या दोघांपैकी कोणाला तरी शोभेल. (ब्रॅडमनचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो : त्याचे पहिले कसोटी शतक ११२ धावांचे, मेलबर्नच्या याच मैदानावर, १९२९च्या जानेवारीत. आपल्या अजिंक्य रहाणेनेही २०२०च्या डिसेंबरात इथे ११२च केल्या.)

कॉव्हेंट्रीची थोरवी वेगळ्या जातीची आहे. तो उंच उड्या मारून डोळे दिपवणारा खेळाडू नव्हता. त्याच्या आधी कॉलिंगवुडच्या त्याच जागेवर खेळलेला डिक ली हा तशा उड्यांसाठी प्रसिद्ध होता. कॉव्हेंट्रीकडे होते भक्कम शरीर, चेंडू एकदा आला की न सोडणारे हात आणि नेमक्या जागी पोहोचण्याची समज. बाकीचे काम संघ करायचा. जॉक मॅकहेल हा प्रशिक्षक, थोरला भाऊ सिड हा १९२७पासून कर्णधार. चेंडू मधल्या पट्ट्यातून पुढे सरकत गॉर्डनपर्यंत यायचा. त्या संघाला लोक ‘यंत्र’च म्हणायचे. नियमाचीही साथ होती. १९२५मध्ये चेंडू सीमेबाहेर घालवणाऱ्या संघाविरुद्ध फ्री किक देण्याचा नियम आला. त्यामुळे कडेकडेने खेळणे धोक्याचे झाले, खेळ मैदानाच्या मध्यभागी आला आणि फुल-फॉरवर्डांचे आकडे फुगले. हे सांगितल्याने कॉव्हेंट्री लहान होत नाही. त्या नियमाखाली सगळेच खेळत होते, पण एका हंगामात शंभर गोलांचा टप्पा व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये पहिल्यांदा त्यानेच ओलांडला : १९२९ साली १२४ गोल. त्या वर्षी कॉलिंगवुडने साखळीतले अठराच्या अठरा सामने जिंकले. पुढच्याच वर्षी फिट्झरॉयविरुद्ध त्याने एका सामन्यात १७ गोल मारले.

मला मात्र या आकड्यांपेक्षा दोन ग्रँड फायनल जास्त बोलक्या वाटतात. १९२७ची अंतिम लढत पावसात, चिखलात झाली. कॉलिंगवुडने रिचमंडला २५ विरुद्ध १३ गुणांनी हरवले. ग्रँड फायनलमध्ये इतके कमी गुण पुन्हा कधी झाले नाहीत. कॉलिंगवुडचे पूर्ण सामन्यात गोल दोनच, आणि ते दोन्ही कॉव्हेंट्रीचे. वर्षभराने, २९ सप्टेंबर १९२८ रोजी, तेच मैदान, समोर तोच रिचमंड, पण जमीन कोरडी. संघाचे १३ गोल झाले, त्यातले नऊ एकट्या कॉव्हेंट्रीचे. ग्रँड फायनलमधल्या या नऊ गोलांची बरोबरी व्हायला १९८९ उजाडावे लागले. चिखलात दोन काढायचे आणि कोरड्या मैदानावर नऊ, असा हा माणूस. १९२७ ते १९३० अशी सलग चार विजेतेपदे कॉलिंगवुडला मिळाली. तसे या लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही संघाला आजवर जमलेले नाही.

पैशाचे म्हणाल तर कॉलिंगवुड म्हणजे तेव्हा बुटांच्या कारखान्यांची, कामगारांची वस्ती. कोल्हापुरात पेठेला तिच्या तालमीच्या संघाचा जसा अभिमान, तसा इथे उपनगराला आपल्या क्लबचा. क्लबचा दंडक असा की मोठा असो वा नवखा, सगळ्यांना मोबदला सारखाच. १९३०मध्ये लीगनेही सामन्याला तीन पौंडांची कमाल मर्यादा घातली. म्हणजे हंगामात सव्वाशे गोल मारणारा आणि बाकावर बसलेला, दोघांचे पाकीट एकच. मंदीच्या त्या दिवसांत याबद्दल कुरबुरी झाल्या नसतील असे नाही. तरीही कॉव्हेंट्री अठरा हंगाम एकाच क्लबात राहिला आणि लीगमध्ये ३०० सामने खेळणारा पहिला खेळाडू ठरला.

लेखातून पूर्णपणे सुटलेली गोष्ट १९३६ची. त्याच्या मानेवर गळवे झाली होती. रिचमंडविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या जो मर्डॉकचे हात वारंवार त्या गळवांवर बसत राहिले. शेवटी कॉव्हेंट्रीचा तोल सुटला आणि त्याने ठोसे लगावले. लीगच्या शिस्तपालन समितीने मर्डॉकला चार सामन्यांची बंदी घातली, कॉव्हेंट्रीला आठ. आधीच्या सोळा हंगामांत त्याच्याविरुद्ध एकदाही तक्रार झालेली नव्हती! गळू ठसठसत असताना साधी कॉलर लागली तरी माणूस कळवळतो, हे समितीतल्या सभ्य गृहस्थांना ठाऊक नसेल असे वाटत नाही. पंचांसमोर ठोसा मारला, तेव्हा शिक्षा होणारच, हे मान्य. पण डिवचणाऱ्याच्या दुप्पट? त्याचा हंगाम तिथेच संपला. कॉलिंगवुडने त्या वर्षीची ग्रँड फायनल त्याच्याविना जिंकली. त्याची जागा घेणारा तरुण रॉन टॉड पुढे स्वतःच हंगामात सव्वाशेच्या घरात गोल करू लागला.

कॉव्हेंट्री निवृत्त होणार अशीच चिन्हे होती. तो १९३७मध्ये परत आला आणि ७२ गोल करून मगच थांबला. त्याचा शेवटचा सामना म्हणजे त्या वर्षीची जिलाँगविरुद्धची ग्रँड फायनल. ती होती २५ सप्टेंबरला, नेमक्या त्याच्या छत्तिसाव्या वाढदिवशी. कॉलिंगवुड हरले.

एक दुरुस्तीही सुचवतो. त्याचा एकूण गोलांचा विक्रम ‘काही दशके’ टिकला असे लेखात मोघम म्हटले आहे. तो ६२ वर्षे टिकला. ६ जून १९९९ रोजी सिडनी क्रिकेट ग्राउंडवर सिडनीच्या टोनी लॉकेटने आपला १३००वा गोल केला, तेव्हा प्रेक्षक कठडे ओलांडून मैदानात घुसले आणि खेळ थांबवावा लागला. समोरचा संघ होता कॉलिंगवुड.

आपला,
एक नियमित वाचक, मेलबर्न