पोरीला पाठव

कोल्हापूर,
रविवार रात्र

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मंगळवारीच आलं. फोन करावा म्हणून दोनदा हातात घेतला आणि दोन्ही वेळा ठेवून दिला. तू विचारलंयस त्याचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नाही. तुझी पोरगी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि फौजदारी वकिलीच करायची म्हणते. तेही पुण्यात नाही, इथं कोल्हापुरात, माझ्या हाताखाली. आणि तू मला लिहितोस की तिची समजूत घाल, दिवाणी कर म्हणावं नाहीतर कंपनीत लाग म्हणावं, चोर-दरोडेखोरांत कशाला जायचं. वहिनींना झोप नाही, हेही लिहिलंयस.

मी तिची समजूत घालणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण तुला नुसतं 'नाही' म्हणून चालणार नाही. अठ्ठावीस वर्षं मी काय करत आलोय हे मी तुलासुद्धा कधी धड सांगितलेलं नाही. आपण भेटतो तेव्हा रंकाळ्यावर फिरतो, जुन्या मास्तरांच्या आठवणी निघतात आणि तू परत जातोस.

१९९७ साली वकिलीची सनद घेतली तेव्हा कोर्ट सीपीआर हॉस्पिटलसमोर होतं, तुला ती इमारत आठवत असेल. पहिली तीन वर्षं फी म्हणून जे हातात पडायचं त्यात पेट्रोल निघायचं नाही. माझे सीनियर कमी बोलायचे. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली आणि ती मी आजही पाळतो. चार्जशीट वाचायच्या आधी जागा बघून यायची. कुठलाही गुन्हा असो, जिथं घडला म्हणतात तिथं जाऊन उभं राहायचं, आणि शक्यतो त्याच वेळेला. त्यामुळं एकदा काय झालं ते सांगतो.

भारनियमनाचे दिवस होते. कागल तालुक्यातल्या एका गावात रात्री नऊच्या सुमाराला एका बाईच्या गळ्यातलं सोनं हिसकावून नेलं होतं. रस्त्यावरच्या खांबावरच्या दिव्याच्या उजेडात मी तोंड बघितलं, असं तिनं जबाबात सांगितलेलं. ओळख परेडमध्येही तिनं बरोबर आमच्या माणसाला ओळखलं. सगळं पक्कं दिसत होतं. मी रात्री नऊला त्या खांबाखाली जाऊन उभा राहिलो, तर गाव काळंकुट्ट. किराणा दुकानदार कंदील लावून बसलेला. त्याला विचारलं तर म्हणाला, साडेसातला जाते ती साडेदहाला येते, वर्ष झालं. दुसऱ्या दिवशी सबस्टेशन गाठलं. तिथं लॉगबुक असतं, कुठला फीडर, म्हणजे गावाला वीज नेणारी लाइन, किती वाजता बंद केला आणि किती वाजता चालू केला, सगळं लिहिलेलं. घटनेच्या तारखेला तो फीडर बंद होता. तिथल्या ऑपरेटरला बचावाचा साक्षीदार म्हणून समन्स काढून बोलावलं, रजिस्टरसकट. माणूस सुटला.

पण तो सुटला तेव्हा कळंबा जेलमध्ये त्याची अडीच वर्षं झाली होती. आणि ती बाई खोटं बोलत नव्हती. परेडच्या आधी तिला पोलीस ठाण्यात तो माणूस दिसला असणार, आणि मग त्या रात्रीच्या अंधारात तिला त्याचंच तोंड दिसायला लागलं असणार, असं मला वाटतं. तिचं सोनं तिला मिळालं नाही. खरं कोणी नेलं हे कुणी शोधलंही नाही, कारण आरोपी सापडलाय म्हणून तपास आधीच थांबला होता. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर तिनं माझ्याकडं बघितलं, ते मी विसरलेलो नाही. 'तुम्ही गुन्हेगारांना सोडवता' असं लोक म्हणतात तेव्हा मला ती बाई आठवते. मी तिचं काही चोरलं नाही. पण धड तपास झाला असता तर आम्हा दोघांवरही ती वेळ आली नसती.

आता जे सांगायचंय ते मी बायकोखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

२००४ साल. एकोणीस वर्षांचा पारध्याचा पोरगा. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी चोरल्याचा गुन्हा, कलम ३७९, म्हणजे शाबीत झाला तरी जास्तीत जास्त तीन वर्षं. त्याची आई माझ्याकडं आली, दीडशे रुपये घेऊन. मी अर्ज दिला, सरकारी वकिलांचं 'से', म्हणजे लेखी म्हणणं, आलं, युक्तिवाद केला आणि जामीन मंजूर झाला. पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे त्यानं स्वतः लिहून द्यायची हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक ऐपतदार जामीनदार. मी त्या माउलीला म्हणालो, 'आई, जामीन झाला.' तिनं माझ्या पायाला हात लावला. मी फाईल बांधून कपाटात ठेवली.

पाच महिन्यांनी दुसऱ्याच एका पक्षकाराच्या मुलाखतीला कळंबा जेलमध्ये गेलो होतो. जाळीपलीकडून कुणीतरी 'वकीलसाहेब' म्हणून हाक मारली. तोच पोरगा. आधी मला वाटलं, दुसऱ्या कशात आला असेल. तो म्हणाला, 'साहेब, जामीन झाला म्हंजी काय झालं?'

तो बाहेर पडलाच नव्हता. जामीनदार कुठनं आणणार? ऐपतदार म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे, घरफाळ्याची पावती आहे, असा माणूस. पालात राहणाऱ्याच्या सग्यासोयऱ्यांत एकाच्याही नावावर गुंठाभर जमीन नसते. आणि गावातला जमीनवाला पारध्याला जामीन राहत नाही. कोर्टाच्या आवारात भाडोत्री जामीनदार पैसे घेऊन उभे राहायचे, तेवढे पैसे तिच्याकडं नव्हते. ती परत माझ्याकडं आली नव्हती, कारण वकिलानं 'झाला' म्हणून सांगितलं होतं. तिला वाटलं, सरकारला सोडायला वेळ लागत असेल.

दुसऱ्या दिवशी मी जामीनदाराची अट काढा म्हणून अर्ज दिला आणि त्याच आठवड्यात तो नुसत्या जातमुचलक्यावर सुटला. एका पानाचा अर्ज. मी पाच महिन्यांपूर्वीच तो देऊ शकलो असतो. त्यासाठी नवा कायदा लागत नव्हता. सुप्रीम कोर्टानं १९७८ सालीच मोतीरामच्या खटल्यात सांगून ठेवलं होतं. तो एक गरीब गवंडी होता, त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला नाकारलं होतं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिथं स्पष्ट लिहिलंय की गरिबाला परवडणार नाही असा जामीन मागणं म्हणजे जामीन नाकारणंच. हा निकाल मी शहाजी लॉ कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलाही होता.

त्या दिवसापासून मी जामीन झाला असं म्हणत नाही. माणूस जेलच्या दारातून बाहेर आल्याशिवाय फाईल बांधत नाही.

ज्याला तू 'तुझं ते समाजकार्य' म्हणतोस ते इथनं सुरू झालं. महिन्यातला एक शनिवार मी कळंब्याला जातो. सुरुवातीला एकटा जायचो, आता गरिबांना फुकट वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणातर्फे आणखी काही जण असतात. वही घेऊन बसायचं. नाव, कलम, अटकेची तारीख, जामीन झालाय का, झाला असेल तर का सुटला नाही. पुढं बसलेला माणूस बोलत असतो आणि मी दिवस मोजत असतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेला कच्चा कैदी, म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही असा, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदत आत राहिला तर त्याला सोडायचंय, बाकीच्यांना निम्मी मुदत झाल्यावर. जन्मठेपेच्या आणि फाशीच्या कलमांना ते लागू नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही हे लागू. कैद्याची मुदत भरली की अर्ज जेल अधीक्षकांनी करायचा.

वाचायला चांगलं आहे. पण त्याच कलमात पुढं म्हटलंय की एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तर ही सवलत नाही. आता विचार कर, एकापेक्षा जास्त खटले कुणावर असतात? मुरलेल्या गुन्हेगारावर असतात, खरं आहे. पण आमच्याकडं एक चोरी झाली की आधी पाल उठवतात, आणि धरलेल्या पोरावर उघडकीला न आलेल्या आणखी तीन चोऱ्या लावून टाकतात. मग तो 'सराईत' होतो आणि ४७९ मधून बाहेर पडतो. मी जिथं बोलायला उभा राहतो तिथं हे सांगतो, अर्जातून सांगतो, निवेदनातून सांगतो. हे कलम बदललं पाहिजे.

आणि हे कोल्हापुरात व्हावं याचं मला जास्त लागतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, चौकीवर रोज हजेरी लावायला लावली. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात ती हजेरी १९१८ सालीच बंद केली. पारध्यांना पहाऱ्याची कामं दिली. ज्यांना चोर म्हणत होते त्यांच्याच हातात राखण दिली! देशातला कायदा रद्द व्हायला १९५२ चा ३१ ऑगस्ट उजाडला. आणि जेलच्या नियमावल्यांतला जातीवरून कामं वाटण्याचा प्रकार सुप्रीम कोर्टानं घटनाबाह्य ठरवला तो २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवर. जेलच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढा असा त्यात आदेश आहे. कागदावर एवढी वर्षं लागली. हवालदाराच्या डोक्यातला रकाना अजून तसाच आहे.

आपल्याच राज्यातलं एक प्रकरण तिला वाचायला सांग. भटक्या जमातीतले सहा जण, २००३ सालचा दरोडा, बलात्कार आणि खून. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानंच सहाही जणांना फाशीची शिक्षा ठरवली. २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सरकारला सांगितलं आणि तपास करणाऱ्यांच्या चुकांकडंही बघायला सांगितलं. सोळा वर्षं! अशा माणसांना भरपाई मिळण्यासाठी कायदा करा, असा अहवाल विधी आयोगानं २०१८ मध्ये दिलाय, २७७ क्रमांकाचा. कायदा झालेला नाही.

देशातल्या तुरुंगांची २०२२ ची सरकारी आकडेवारी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. एकूण कैदी ५,७३,२२०, त्यातले खटला न संपलेले ४,३४,३०२. चारांतले तीन. त्यांतले किती दोषी आहेत हे मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही, तेच तर ठरायचंय.

मी गुन्हा केलेल्यांचीही वकिली केलीय. ते मी लपवत नाही. काहींनी मला खरं सांगितलंय, काहींचं मला न सांगता कळलंय. त्या रात्री झोप येत नाही. खोटा साक्षीदार उभा करायचा नाही, ही माझी हद्द आहे, आणि त्यापायी चार मोठ्या फीची प्रकरणं सोडलीत. पण सरकारनं पुराव्यानिशी शाबीत करावं हे म्हणण्याचा हक्क त्या माणसालाही आहे. मी ते त्याच्यासाठी म्हटलं नाही, तर उद्या त्या पाण्याच्या मोटारीवाल्या पोरासाठी म्हणताना माझ्या तोंडात जोर राहणार नाही.

बरं, एक आनंदाची गोष्ट. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, इथं सुरू झालं, हे तू पेपरात वाचलंच असशील. आदल्या दिवशी तेव्हाचे सरन्यायाधीश गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं. ते कुठं बसतं माहितीय? सीपीआरसमोरच्या त्याच जुन्या इमारतीत. आमचं जिल्हा कोर्ट आता कसबा बावड्याला आहे. या बेंचसाठी वकिलांनी चाळीसहून जास्त वर्षं आंदोलन केलं, उपोषणं केली, मोर्चे काढले. त्यात मीही चाललोय. लोकांना वाटायचं, वकिलांना आपली सोय बघायचीय. पण जामिनासाठी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मुंबईला जाणारी म्हातारी मी बघितलीय, दशम्या बांधून घेतलेली. दिवसभर बोर्डावर नंबर लागायचा नाही आणि ती त्याच रात्री परत फिरायची. अशा तीन फेऱ्यांत दुभती म्हैस विकलेली. आता कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांचे लोक इथं येतात. पहिल्या आठवड्यात मी तिथल्या जिन्यावर नुसताच उभा राहिलो. माझे सीनियर असायला हवे होते.

आता पोरीचं. पैसे पहिली पाच वर्षं मिळणार नाहीत, म्हणून तिचं घरभाडं तू दे आणि त्याचा हिशोब तिला ऐकवू नकोस. रात्री-अपरात्री ठाण्यात जावं लागेल. पोरगी आहे म्हणून मी तिला थांबवणार नाही, पण एकटीला पाठवणारही नाही. जेलमध्ये बायकांच्या विभागात मला जे कधी कळत नाही ते तिला कळेल. त्या बायका माझ्याशी अर्धंच बोलतात. खरं सांगायचं तर मलाच तिची गरज आहे. माझे गुडघे गेलेत, आणि खांबाखाली जाऊन उभं राहायला कुणीतरी पाहिजे.

परीक्षा झाली की तिला पाठव. वहिनींना सांग, जेवण आमच्याकडं.

थांबतो. उद्या सकाळी गडहिंग्लजहून पहिल्या एस.टी.नं एका पोराचा चुलता सातबारा घेऊन येणार आहे. त्याला बावड्याचं कोर्ट माहीत नाही, स्टॅण्डवर घ्यायला जायचंय.

तुझाच,
वकील