हा हात कुणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला मेंदूतल्या शरीराच्या नकाशावरचा लेख वाचला. मेंदूचे सर्जन पेनफिल्ड यांच्या १९३७ सालच्या कामातून पुढे आलेलं चित्र, म्हणजे ज्या अवयवाला मेंदूत जागा जास्त तो मोठा काढलेला, मोठ्या ओठांचा, मोठ्या पंजांचा माणूस, छान समजावलं आहे. पण सगळा लेख अशा थाटात आहे की, मेंदू कवटीत एकटा बसून 'हे माझं शरीर' असं ठरवून मोकळा होतो. मी अर्धांगवायूच्या पेशंटना व्यायाम देणारी फिजिओथेरपिस्ट आहे. समोरच्या माणसाला वगळून हा हिशेब लागत नाही, हे मला रोज दिसतं.

रबरी हाताच्या प्रयोगाचा लेखात उल्लेखही नाही, याचं नवल वाटलं. बोट्विनिक आणि कोहेन यांनी तो १९९८ साली प्रसिद्ध केला. आपला हात पडद्याआड ठेवायचा, समोर रबरी हात, आणि दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवायचा. थोड्या वेळात रबरी हातच आपला वाटू लागतो. ब्रशांची वेळ चुकवली की ही जादू ओसरते. २०१३ साली क्रुचानेल्ली आणि सहकाऱ्यांना आढळलं की, सेकंदाला सुमारे ३ सेंटीमीटर अशा संथ, सुखद स्पर्शाने हा भास घाईच्या स्पर्शापेक्षा जास्त पक्का होतो. आपण एखाद्याला मायेने कुरवाळतो, तो साधारण याच वेगाने. त्याच वर्षी टेनेज्जी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, अंगाभोवती मेंदू जे 'आपलं' अंतर धरतो, ते समोर पुतळ्याऐवजी माणूस बसला की आक्रसतं. मग तो माणूस एका खेळात सहकार्याने वागला, की दोघांच्या जागांमधली सीमाच पुसट होते.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आलेले काही पेशंट स्वतःच्या डाव्या हाताकडे बघून सरळ सांगतात, "हा माझा नाही." एक आजोबा तो हात थोरल्या भावाचा म्हणायचे आणि "त्याला घेऊन जायला सांगा" म्हणून उजव्या हाताने बाजूला ढकलायचे. बुद्धी शाबूत; औषधांची नावंसुद्धा तोंडपाठ. घरचे मात्र कधी हसायचे, कधी वाद घालायचे. वादाने एकही पेशंट पटलेला मी पाहिलेला नाही.

फोटोपूलू आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अशा पेशंटसमोर आरसा धरला. नुसत्या नजरेने परका वाटणारा हात आरशात पाहताच 'माझा' झाला. आरसा काढला की पुन्हा परका. पेशंट मोजकेच होते, आणि हा काही इलाज नव्हे. तरी आरशात आपण स्वतःला दुसऱ्याला दिसतो तसे दिसतो, आणि तेवढ्यापुरता का होईना, हात परत मिळतो. लेखातल्या नकाशात हे कुठे बसतं?

घरात असा पेशंट असलेल्या वाचकांसाठी एवढं जरूर छापा. वाद घालू नका. हात लावण्याआधी त्यांना तो दिसू द्या, काय करणार ते सांगा, सावकाश स्पर्श करा. आणि उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो.

– एक फिजिओथेरपिस्ट