तेरावा ठोका

गिरगाव, मुंबई

प्रिय सई,

मावशीकडे नेऊन सोडलं म्हणून तू अजून रुसलेली आहेस, ते फोनवरच्या नुसत्या "हं"वरून कळतं. पण तुझ्यासमोर खोली रिकामी करणं मला जमलं नसतं गं.

सोबत ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’ हे पुस्तक पाठवतोय. त्यातल्या टॉमचंही तुझ्यासारखंच. भावाला गोवर येतो, म्हणून त्याची रवानगी नातेवाइकांकडे होते. एका मोठ्या जुन्या घराचे तुकडे पाडून केलेल्या फ्लॅटमध्ये. मागची बाग कधीच गेलेली, तिथे आता कचऱ्याचे डबे. पण रात्री खालचं घड्याळ तेरा ठोके देतं, टॉम मागचं दार उघडतो, तर समोर ती बाग! तिथे हॅटी नावाची मुलगी भेटते. ती कोण, कुठल्या काळातली, हे रहस्य मी फोडणार नाही.

बाग मात्र खरी होती. लेखिका फिलिपा पिअर्स, जन्म 1920 चा. केंब्रिजजवळच्या ग्रेट शेलफर्ड गावात वडिलांची पिठाची गिरणी होती, कॅम नदीच्या काठी. गिरणीला लागून घर आणि बाग. 1951 साली तिला क्षयरोग झाला. ऐन उन्हाळ्यात ती दवाखान्यात पडून, आणि नदी तिथून काही मैलांवर. मग ती पडल्या पडल्या मनातच होडी काढायची आणि एकेक वळण आठवत पुढे जायची. त्यातून तिचं पहिलं पुस्तक झालं. पुढे आईवडील थकले, घर विकायची वेळ आली, तेव्हा तिने ती बाग या कादंबरीत उतरवली. 1958 साली पुस्तक निघालं, त्याला मुलांच्या साहित्यासाठीचं कार्नेगी पदक मिळालं. पदकापेक्षा मला ती होडीच जास्त आवडते.

काल माळ्यावरचं सामान उतरवलं. तुझी उंची मोजायच्या पेन्सिलीच्या रेघा असलेली चौकट सुताराकडून सोडवून घेतली आहे, ती नव्या घरी येईल. जिना काही नेता येणार नाही. आपल्या जिन्याची करकरणारी पायरी खालून चौथी की सहावी, यावरून आईचं आणि माझं काल वाजलं. तुला नक्की आठवत असेल. मी उतरून बघण्याआधी तू कळव.

तुझा,
बाबा