महापौर महोदया, सवलतीच्या टिपणीत एक रकाना वाढवा

माननीय महापौर महोदया,
स. न. वि. वि.

एखाद्या उद्योगाला मालमत्ता करात सूट किंवा स्वस्तात जमीन द्यायचा विषय सभेपुढे येतो, तेव्हा टिपणीत दोनच आकडे ठळक असतात. गुंतवणूक किती आणि नोकऱ्या किती. दोन्ही अर्जदार कंपनीनेच दिलेले. ही सूट मिळाली नाही तर कंपनी खरोखर दुसरीकडे जाईल का, याचं उत्तर मात्र त्या टिपणीत शोधूनही सापडत नाही. वास्तविक सूट द्यायची की नाही, हे त्याच उत्तरावर ठरायला हवं.

अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी २०१८ साली तिथल्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. सवलतीमुळे कंपनीचा निर्णय बदलला अशी प्रकरणं त्यांना शंभरात २ ते २५ एवढीच दिसली. बाकीच्यांनी सवलत घेतली आणि जे करणारच होते ते केलं. यात नवल नाही. कारखान्याची जागा ठरते ती कुशल माणसं, बाजारपेठ, रस्ते, वीज, पाणी पाहून. ते सगळं जुळलं की मग सूट मागायची. कंपनीला दोष कशाला द्यायचा? मागून मिळत असेल तर कोण मागणार नाही!

युरोपीय संघाच्या प्रादेशिक मदतीच्या (म्हणजे मागे पडलेल्या भागांत गुंतवणूक करणाऱ्या उद्योगांना मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या) नियमांत यासाठी एक साधी अट आहे: लेखी अर्ज काम सुरू होण्याआधी आला पाहिजे. पाया खणून झाल्यावर मदत मागणारा तिच्याविनाही बांधणारच होता, हे उघड आहे. शिवाय ती गुंतवणूक किमान पाच वर्षं त्याच भागात टिकवावी लागते; लघु-मध्यम उद्योगांना तीन वर्षं.

आता पैसे केव्हा द्यायचे, हा मुद्दा. माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने २०१७ साली फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीला कारखान्यासाठी सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या. बदल्यात १३,००० नोकऱ्यांचं आश्वासन होतं. २०२१ साली करार बदलला, तेव्हा नोकऱ्या १,४५४ वर आल्या आणि राज्याच्या सवलतीची कमाल मर्यादा ८ कोटी डॉलरवर. राज्य बऱ्यापैकी वाचलं, कारण त्याने सवलत प्रत्यक्ष नोकऱ्या आणि गुंतवणुकीशी बांधली होती. अडकलं ते माउंट प्लेझंट, हा कारखाना जिथे यायचा होता ते गाव. जमिनी घेणं, घरं पाडणं, रस्ते, पाण्याच्या वाहिन्या, हा सगळा खर्च आधीच होऊन गेला होता, तोही कर्ज काढून. त्यातल्या काही जमिनीवर पुढे मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर येऊ लागलं, हेही खरं. पण २०१७ च्या हिशेबात ते कुणी धरलं नव्हतं.

‘आपण नाही दिलं तर शेजारचं शहर देईल’ हे वाक्य तुमच्या दालनात रोज ऐकू येत असेल. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी महानगराच्या मधून कॅन्सस आणि मिसुरी या दोन राज्यांची सीमा जाते. कंपन्यांनी ती सीमा ओलांडून आपल्या बाजूला यावं म्हणून दोन्ही राज्यं वर्षानुवर्षं सवलती वाटत राहिली. महानगर तेच, बरेचसे कर्मचारी तेच; बदलला तो कंपनीचा पत्ता. अखेर २०१९ साली त्यांनी ही ओढाताण आवरायचा समझोता केला. शेजारच्या महापौरांशी तुमचं बोलणं होत असेलच. हाही विषय काढून पाहा.

सूट कुणालाच देऊ नये, असं मी म्हणत नाही. कामगारांचं प्रशिक्षण किंवा सगळ्यांच्या उपयोगाचा रस्ता, यावर केलेला खर्च कंपनी गेली तरी मागे राहतो. त्याला माझा विरोध नाही.

करसवलतीच्या टिपणीत मात्र ‘सवलतीविना काय होईल’ हा रकाना असू द्या आणि तो अर्जदाराच्या सल्लागाराने नव्हे, आपल्या लेखा विभागाने भरावा. सूट वर्षावर्षाने, नोकऱ्या मोजून द्या आणि शब्द पाळला नाही तर सूट परत वसूल करायचं कलम करारातच घाला. असे विषय ऐनवेळी आणू नका. टिपणी नागरिकांना सभेआधी वाचायला मिळावी. आजवर मंजूर झालेल्या सवलतींपैकी किती कंपन्यांनी कबूल केलेल्या नोकऱ्या दिल्या, तो तक्ताही पुढच्या सभेत मांडावा, ही विनंती.

आपला,
एक करदाता नागरिक